चाळीस ब्लाऊज

१९ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी २०२२ सालची आहे. छापलेल्या तारखा आणि वार सगळे चुकीचे, ते मी खोडून लिहिणार. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही ह्यांना कुणी ना कुणी डायरी द्यायचं आणि हे रोज त्यात एखादी ओळ लिहायचे. सतरा मार्चपर्यंत लिहिलंय. पुढची पानं कोरी राहिली, ती मी वापरते आहे. लिहिलेल्या पानांना रबर लावून ठेवलंय. ती अजून वाचलेली नाहीत. एकदा वाचून संपली की ह्यांचं नवीन काही उरणार नाही.

कुणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून: मी शालन, वय बासष्ट, राहणार विश्रांतवाडी, शिक्षण चौथी. पुढचं शिक्षण समाधानच्या रद्दीच्या दुकानात झालं. हे रद्दी घालायला जायचे आणि येताना तेवढ्याच वजनाची पुस्तकं घेऊन यायचे. आमच्या घरातली रद्दी कधी कमी झाली नाही. आता मी जाते.

आज पुठ्ठा नसलेलं एक बारकं पुस्तक मिळालं. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रातला भाग आहे, शलमोन राजाची बोधवचनं. समाधानने काट्यावर टाकलं. म्हणाला, "दीडशे ग्रॅम. तीन रुपये द्या मावशी. तुमच्याइतकं वाचणारं कुणी नाही आपल्या भागात." पहिल्याच पानावर छापलंय की या राजाला हजार बायका होत्या. एवढ्या बायकांत बसून वचनं लिहायला त्याला वेळ कधी मिळाला, ते छापलेलं नाही.

संध्याकाळी सोजर आली. सोजरबाई मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवते. आमची मैत्री पस्तीस वर्षांची. आमटी चाखून म्हणाली, "शाले, डाळीला सांग, पुढच्या येळी पाण्यात उतर म्हणावं. नुसती काठावर हुबी राहिलीया."

पस्तीस वर्षांत तिने माझं एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. हे गेले त्या वर्षी मात्र एकामागून एक दहा ब्लाऊज शिवून आणले. शिलाई देऊ केली की म्हणायची, "पैसं पोचल्यात. तुझ्या नवऱ्यानं भरल्यात." गेलेल्या माणसाच्या नावावर खपवायची. दहा झाले तेव्हा थांबली आणि म्हणाली, "बास आता. दंड आवर."

२ फेब्रुवारी, रविवार

सोजरचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, यात घालाल तेवढे पैसे वाया. फॉल-पिको करता येईल असं चांगल्यातलं जुनं मशीन अठरा हजाराला मिळतंय. सोजर मागणारी बाई नाही. तिने एवढंच सांगितलं आणि भिंतीकडे बघत चहा प्यायली.

रात्री शलमोन उघडला. त्याचं म्हणणं असं, की देण्यासारखं जवळ असताना शेजाऱ्याला उद्या ये म्हणू नये. माझी एक मुदतठेव याच महिन्यात संपते आहे. राजाला ते कसं कळलं कोण जाणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

पैसे दिले.

आधी कल्याणीचा धायरीहून फोन आला होता. लेक बँकेत आहे, तिला माणसापेक्षा कागद बरा वाटतो. "आई, लिहून घे. मैत्री वेगळी, व्यवहार वेगळा." म्हणून मी वहीच्या पानावर नीट अक्षरात लिहिलं: सोजरबाई हिने शालनकडून अठरा हजार रुपये उसने घेतले, एप्रिलपासून दरमहा पंधराशे परत करील. खाली सहीला जागा सोडली.

सोजरने कागद वाचला. तिला वाचायला वेळ लागतो. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं दोन मिनिटं बघितलं. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो तिचा. मग सही केली आणि चहा न पिता गेली. मशीन घेण्याची घाई असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सोजर आज मला "शालनताई" म्हणाली. पस्तीस वर्षांनी का होईना, रीत कळली.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात वंदनेनंतर बायका बसल्या होत्या. सोजरच्या नव्या मशीनचा विषय निघाला. मी मोठेपणा करणाऱ्यातली नाही, सहज म्हणाले, "अडीनडीला आपणच आपल्या माणसांना उभं करायचं असतं. मी लगेच काढून दिले अठरा हजार." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सोजर चपला शोधायला बाहेर गेली. बराच वेळ तिला चपला सापडल्या नाहीत.

दुपारी माझ्याकडे जेवली. आमटी ओरपून म्हणाली, "छान झालीय हो शालनताई. हाताला चव हाय तुमच्या."

आता हे इथे कबूल करते, कारण वाचणारं कुणी नाही. मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं संसार केला, पण ह्यांच्या तोंडून "बरं आहे" याच्या पुढे कधी शब्द निघाला नाही. पुरणपोळी बरी आहे. साडी बरी आहे. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन बघितलं आणि म्हणाले, बरी आहे. माझ्या हाताला चव आहे हे बासष्टाव्या वर्षी कळलं. उशीर झाला, पण कळलं.

१७ मार्च, सोमवार

तीन वर्षं झाली.

दरवर्षी या दिवशी सोजर येते, दारातूनच म्हणते, "रडून झालं आसंल तर चहा ठिव." मग मी चहा ठेवते आणि रडणं तेवढ्यापुरतं थांबतं. आज ती आली ती हात जोडून बसली. म्हणाली, "लाखात एक माणूस व्हता. तुमच्यासारखी धीराची बाई मी बघितली न्हाई शालनताई." बोलली ते चांगलंच बोलली. मीही मान हलवली. पण मला चहा प्यावासा वाटत होता आणि ठेव म्हणून कुणी सांगेना.

६ एप्रिल, रविवार

पहिला हप्ता आला नाही. हप्त्याच्या जागी सोजर स्वतःच आली, तीही सहा वाजता, मी दात घासत असताना. खालूनच हाक मारली, "शालनताई, तुमचं भलं होवो, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य मिळो." समोरच्या इमारतीतला कुत्रा भुंकायला लागला. मग वर येऊन सांगितलं की हल्ली बायका ताणले जाणारे तयार ब्लाऊज घेतात, काम कमी झालंय, पुढच्या महिन्यात नक्की देते. मी म्हटलं, सावकाश दे. तिने माझ्या गाऊनची स्तुती केली. गाऊन सात वर्षांचा आहे.

आज शलमोनाचं वाचलं, की शेजाऱ्याची खोटी वाहवा करणारा त्याच्या पायापुढे जाळं पसरतो. विचारात पडले. माझी वाहवा कोण करतं? मग एकदम उजेड पडला. समाधान. "तुमच्याइतकं वाचणारं कुणी नाही." दर वेळी म्हणतो. त्याला माझ्या रद्दीत रस आहे. यापुढे रद्दी टिंगरेनगरच्या दुकानात घालायची.

८ मे, गुरुवार

सोमवारी बुद्धपौर्णिमा. पांढऱ्या साडीवर नवा ब्लाऊज हवा म्हणून सोजरकडे गेले. तिने टेप लावला. एरवी माप घेताना ती जे बोलते ते लिहिण्यासारखं नसतं. आज टेप छातीभोवती गुंडाळला, जरा थांबली, म्हणाली, "अडतीस."

मी म्हटलं, "नीट बघ. मागे बेचाळीस होतं."

"वाळलात तुम्ही शालनताई. चालता ना रोज."

रोज चालते हे खरं आहे. समाधानकडे न जाता टिंगरेनगरला जाते, तो फेरा अंगी लागलेला दिसतो. कंबरही कमी भरली. शिलाई घ्यायला तयारच नाही. "तुमच्याकडून कसली घ्यायची?"

१२ मे, सोमवार

ब्लाऊज इतका अंगासरशी बसला की विहारात दोघींनी विचारलं कुठून शिवला. अडतीस म्हणून मी सांगून टाकलं. एकमेकींकडे बघून हसल्या. कुणाचं बरं झालेलं लोकांना बघवत नाही. खीर दोन वाट्या घेतली. अडतीस मापाच्या बाईला तेवढी चालते.

१५ जून, रविवार

आज आमटीत मीठ दोनदा पडलं. कल्याणीशी फोनवर बोलता बोलता एकदा घातलं आणि फोन ठेवल्यावर एकदा. मला पत्ता नाही. सोजर आधी जेवायला बसली. दोन वाट्या आमटी प्यायली. "झक्कास झालीय शालनताई." मग चार पेले पाणी प्यायली आणि गेली.

ती गेल्यावर मी घास घेतला तो तसाच बाहेर टाकावा लागला. सोजरला रक्तदाबाची गोळी चालू आहे. चव गेलेली दिसते तिची. या वयात जाते म्हणतात. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं.

२० जुलै, रविवार

कल्याणीच्या नणंदेचं लग्न आहे. सोजरला ब्लाऊज सांगायचा तर ती शिलाई घेत नाही, मला कानकोंडं होतं. म्हणून कल्याणी म्हणाली, तयार घेऊ. ती मला शनिवार पेठेतल्या एका दुकानात घेऊन गेली. गल्ल्यावर माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मोरपिशी ब्लाऊज दाखवा. अडतीस."

"कुणासाठी?"

"मला."

त्यांनी चष्मा नाकावर ओढला, मला वरून खालपर्यंत बघितलं. "अडतीस हे कोणत्या सालचं माप आहे?"

कल्याणी खोट्या दागिन्यांच्या काचेकडे वळली. तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, मेमध्येच माप घेतलंय. बाईंनी वाद घातला नाही. अडतीसचा ब्लाऊज काढून दिला आणि आडोशाचा पडदा दाखवला. ब्लाऊज माझ्या कोपरापर्यंत आला आणि तिथे अडकला, पुढेही जाईना, मागेही येईना. कल्याणीने सोडवला. बाहेरून आवाज आला, "उसवलं तर घ्यावं लागेल. बेचाळीस काढून ठेवलाय. मापं आपली असतात, ऐकीव नसतात."

घरी आल्या आल्या पौर्णिमेचा ब्लाऊज पलंगावर पसरला आणि टेप लावला. बेचाळीस. परत लावला. बेचाळीसच.

म्हणजे सोजरने तोंडाने अडतीस म्हटलं आणि हाताने बेचाळीस कापला. एकही टाका खोटा घातला नाही.

२१ जुलै, सोमवार

झोप लागली नाही. बसून सगळं मागचं वाचलं. शलमोनाचं नाही, माझं.

सहा फेब्रुवारीपासून शालनताई. त्याच्या आदल्या दिवशी सही. आमटी. सात वर्षांचा गाऊन. दोन वाट्या खारट पाणी, तेही रक्तदाबाच्या बाईने. मी तिला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

मग शलमोन उघडला. त्याने सगळं आधीच लिहून ठेवलंय. उसनं घेणारा देणाऱ्याचा चाकर होतो. पहाटे उठून मित्राला मोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापात धरावा. मित्राचे घाव विश्वासाचे. हे सगळं मी जानेवारीतच वाचलं होतं, त्या पानांवर हळदीची बोटं आहेत. तेव्हा वाटलं, लोकांसाठी लिहिलंय.

समाधानकडे जाऊन माफी मागितली. चार महिन्यांची रद्दी दुसऱ्याला घातली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "का पण मावशी? ते काय भाव देतात?" मी म्हटलं, तू माझी स्तुती करतोस म्हणून. तो म्हणाला, "मग काय शिव्या देऊ?" बिचारा. त्याला खरंच तसं वाटतं.

१० ऑगस्ट, रविवार

घाण केली.

मला माझी सोजर परत हवी होती. वाटलं, पैशाचा विषयच मिटवून टाकू. ती आली, भाजीचं कौतुक करायला तोंड उघडलं तसं मी म्हणाले, "सोजर, ते अठरा हजार सोड. मला नकोत. समज, दिलेच नव्हते."

तिने ताट पुढे सरकवलं. "भीक घालता व्हय शालनताई?"

"तसं नाही गं."

"इहारात सांगून झालं, आता माफ केल्याचं बी सांगा. पुढल्या रविवारी सांगा, समद्या आस्त्यात."

विहारात मी बोलले होते ते तिच्या कानावर पडलं होतं. पडणारच, ती तिथेच होती. मी त्या दिवशी डायरीत लिहिलंय, बराच वेळ तिला चपला सापडल्या नाहीत. तिच्या चपला दारातच असतात. पस्तीस वर्षं दारातच असतात.

हात धुऊन गेली. जाताना नमस्कार केला, तो जास्त लागला.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे सोजर आली नाही. विहारात येते, दुसऱ्या टोकाला बसते. आज समाधानने एक पाकीट दिलं. "सोजरमावशींनी दिलंय. पाचशे आहेत. मोजून घ्या म्हणाल्या." मी मोजले. एकच नोट होती.

आमटी रोज करते. कशी होते कळत नाही. खाते आणि भांडं घासते. शलमोन सांगतो की मित्र कसा गमावू नये. गमावल्यावर काय करायचं, त्याचं पान सापडत नाही. माझ्या पुस्तकाची शेवटची काही पानं फाटलेली आहेत, त्यात असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

आज ह्यांच्या पानांचं रबर काढलं.

ठरवून नाही. सोजर असती तर तिला विचारलं असतं, ती नाही म्हणून ह्यांना विचारावंसं वाटलं. वाटलं होतं मला काही मोठं वाचायला मिळेल. दूध एक लिटर. सिलिंडर आला. पाठ दुखते. दूध दीड लिटर, कल्याणी आली. सव्वीस जानेवारीला: "शालनने थालीपीठ केलं. बरं झालं." हे लिहून ठेवण्याइतकं बरं झालं होतं, मला माहीत नव्हतं.

आणि नऊ फेब्रुवारी: "सोजरबाईंना शालनच्या १० ब्लाऊजचे आगाऊ ३००० दिले. उसने म्हटलं तर घेणार नाहीत. शालनला बोलू नये."

त्या महिन्यात सोजरची सून दवाखान्यात होती. सोजरने कुणापुढे हात पसरला नाही, एवढंच मला माहीत होतं. आमचा माणूस गेला, शिंपीकामाचा हिशेब सोबत घेऊन गेला, आणि ही बाई वर्षभर एकेक ब्लाऊज आणून देत राहिली. पैसे पोचलेत म्हणाली. खरंच पोचले होते. मी मात्र माझ्या दुःखात तिला खोटी ठरवलं होतं.

ह्यांनीही दिलेच की पैसे. पण ह्यांनी तिला काम दिलं. मी कागद दिला.

१५ सप्टेंबर, सोमवार

डायरी, सहीचा कागद, पाचशेची नोट आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा पिशवीत घालून सोजरकडे गेले. ती मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "या शालनताई. बसा."

मी नऊ फेब्रुवारीचं पान तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला. एकेक अक्षर बोटाने वाचलं.

"मंग?" ती म्हणाली. "सांगितलं व्हतं की मी. पैसं पोचल्यात."

"मला वाटलं, माझं मन राखायला खोटं बोलतेस."

"मी कदी खोटं बोलले तुमच्याशी?"

"बोललीस," मी म्हणाले. "अडतीस."

मशीन थांबलं. सोजरने सुईखालचं कापड उगाच सरळ केलं. म्हणाली, "तोंडानं बोलले. कातरीनं न्हाई."

"का बोललीस पण?"

"सही घितलीस तू. सही करून दिलेल्या बाईनं आमटीला नावं ठिवायची व्हय? रोज यायचं, आन रोज वाटायचं, आज बोलले तर ही म्हणंल, आधी पैसं दे मंग बोल."

"मी असं म्हटलं असतं?"

"म्हटलं नसतंस. इहारात बोलली असतीस." मग म्हणाली, "ती खारट आमटी, शाले. रात्रभर पाणी पीत बसले मी."

शाले म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, नाहीतर परत घेतला असता शब्द.

"विहारातलं चुकलं माझं," मी म्हणाले. "तिथेच सांगेन सगळ्यांना."

"आता आन काय सांगू नगंस. बायकांना इसरू दे."

मी पिशवीतून कापड काढलं, पाचशेची नोट मशीनवर ठेवली. "ही तुझी. अठरा हजार उसने नव्हेत, ऑर्डर आहे. ब्लाऊजचे आगाऊ. अस्तराची शिलाई चारशे धर."

सोजरने मला बसल्या जागी मापून घेतलं. "साडेचारशे."

"मला? पस्तीस वर्षांची ओळख."

"वळख तीच हाय, टाके जास्त पडत्यात तुला."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिच्या कापडावर खुणा करायच्या खडूने फरशीवर भागाकार केला. चाळीस ब्लाऊज बसले.

"पौर्णिमेचा येक झाला," सोजर म्हणाली. "येकुणचाळीस ऱ्हायले. वर्साला चार. दहा वर्सं झाली की गं. जगतीस का तवर?"

"ऑर्डर दिली म्हटल्यावर जगावं लागेल."

"आन मी मेले तर?"

"तर माझे पैसे बुडाले. तुझा फायदा."

"म्हंजी मला मरायची सवलत हाय, तुला न्हाई. असला येव्हार तुझ्या त्या राजाच्या पुस्तकात हाय का?"

मी म्हटलं, शेवटची पानं फाटली आहेत, त्यात असेल.

मग मी सहीचा कागद काढून फाडायला घेतला. सोजरने हातातून ओढला. "फाडू नगंस. पाठकोरा हाय." कागद उलटा करून मशीनवर ठेवला, कानामागची पेन्सिल घेतली, गळ्यातला टेप काढला.

"हात वर. श्वास सोड."

"सोडलाय."

"सोडलेला न्हाई. पोट आत घिऊन हुबी हायस. समदा सोड."

सगळा सोडला. बहुतेक फेब्रुवारीपासूनचा होता. सोजरने टेप डोळ्यांजवळ नेला आणि एप्रिलात सकाळी सहाला आशीर्वाद देताना लावला होता तोच आवाज लावला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"त्रेचाळीस. शाले, कल्याणीच्या नणंदंच्या लग्नातल्या जिलब्या जाऊन ऱ्हायल्या कुटं, हितं हायत बघ."

घरी येऊन चहा ठेवला. ती मागून आली, प्यायली, म्हणाली, साखर कुठं ठेवलीस, डब्यात का. रबर आता लागणार नाही, ते कोथिंबिरीच्या जुडीला लावलं. आजचं ह्यांच्यासारखं एका ओळीत लिहून ठेवते.

सोजरला ४० ब्लाऊजचे आगाऊ १८००० दिले. १ पोचला. माप ४३. बरं झालं.